वाणीलेखक आज्ञावली आणि बदलत्या कार्यप्रणाली

उच्चारित वाणीस लिखित रूप देणाऱ्या आज्ञावलीचे यश केवळ तिच्या ध्वनिविषयक ज्ञानावर अवलंबून असते, असा समज सामान्यतः आढळतो. तो अपुरा आहे. ज्या कार्यप्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवर, ती चालावयाची तिच्याशी असलेला संबंध तुटला की उत्तम आज्ञावलीही बहिरी होते.

हा संबंध तीन ठिकाणी येतो : मायक्रोफोनमधून ध्वनी मिळविणे, त्यावर गणिते करून शब्द ठरविणे, आणि ते शब्द दुसऱ्या आज्ञावलीच्या पानावर उमटविणे. मॅकओएसच्या २०१८ मधील 'मोहावे' आवृत्तीपासून मायक्रोफोनसाठी वापरणाऱ्याची स्पष्ट अनुज्ञा लागते. २०१९ मधील 'कॅटालिना' ३२ बिटी आज्ञावली मुळीच चालवीत नाही. विंडोज व्हिस्टाने २००७ पासून कमी अधिकाराच्या आज्ञावलीस अधिक अधिकाराच्या खिडकीत अक्षरे पाठविण्यास मज्जाव केला. यांपैकी पहिला व तिसरा निर्बंध सुरक्षिततेसाठी आहे. परक्या खिडकीत परस्पर लिहिणे हे वाणीलेखकाचे काम. परंतु घातक आज्ञावलीही नेमके तेच करू पाहते. दोघींतील भेद कार्यप्रणालीस आपोआप कळत नाही.

१९९७ साली निघालेल्या 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग'च्या परंपरेतील मॅक आवृत्ती २०१८ मध्ये बंद झाली. पुढील वर्षी 'कॅटालिना'त 'व्हॉइस कंट्रोल' अंतर्भूत झाले. विंडोजमधील जुन्या वाणी-अभिज्ञानाची जागा 'व्हॉइस ॲक्सेस' घेईल, असे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले. पर्याय मिळाला हे खरे. तथापि जुन्या आज्ञावलीस वर्षानुवर्षे शिकविलेले उच्चार व विशेषनामे नवीस आपोआप अवगत होत नाहीत. ज्याचे हात चालत नाहीत, त्याच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय नव्हे. त्याचे लेखनच थांबते.

भाषाभ्यासकासही यातून बोध घेता येईल. आज्ञावली बदलली म्हणजे तिच्या चुकांचे स्वरूपही बदलते. म्हणून दोन आवृत्त्यांनी केलेल्या लिप्यंतरांची तुलना सावधपणे करावयास हवी. मूळ ध्वनिमुद्रण असंकुचित स्वरूपात ठेवावे, शब्दसूची साध्या युनिकोड मजकुरात जपावी, आणि प्रत्येक लिप्यंतरावर आज्ञावली व कार्यप्रणाली या दोहोंच्या आवृत्त्या नोंदवाव्यात. यंत्रे बदलत राहणारच; त्या बदलात सामग्री टिकविणे हे मात्र संशोधकाचे कर्तव्य होय.