पाणघोड्याचे दात गोव्याच्या समुद्रात कसे पोचले?

दिल्लीहून सुटणारी गोवा एक्सप्रेस सातारा, सांगली, मिरज असं करत शेवटी वास्कोला पोचते. तिथून जवळच, मुरगाव बंदराबाहेरच्या समुद्रात, आणखी एक प्रवास संपला होता. तो सतराव्या शतकातला. शिडाचं एक पोर्तुगीज जहाज महिनोन् महिने समुद्र कापत आलं आणि अगदी दारात येऊन खडकावर फुटलं.

त्या खडकाला सुंची रीफ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, म्हणजे एनआयओचे, संशोधक तिथे उतरले. पाणी किती खोल? जेमतेम ३ ते ६ मीटर.

आता सिनेमात दाखवतात तसं शिडांसकट उभं जहाज डोळ्यांसमोर आणू नका. उष्ण समुद्रात लाकूड टिकत नाही. ते पोखरून खाणारे बारीक जीव पाण्यात असतात आणि जे गाळात दबत नाही ते सगळं फस्त करतात. त्यात सुंची रीफ उथळ, वर लाटांचा मार. त्यामुळे हाती लागला तो जहाजातला माल : लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, घडवलेले दगडी चिरे, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात.

यातले दात सगळ्यात बोलके. हत्ती आपल्याकडेही आहेत, पण पाणघोडा हा आफ्रिकेचा प्राणी. म्हणजे हा माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चढवला गेला. पोर्तुगीज जहाजं मार्चच्या सुमारास लिस्बनहून निघायची, आफ्रिकेला दक्षिणेकडून वळसा घालायची, मोझांबिकला थांबायची आणि नैऋत्येचा वारा पकडून पावसाळ्याच्या शेवटी गोव्याला लागायची. सहा महिने सहज जायचे. मोझांबिकचं हस्तिदंत गोव्यात आलं की इथले कारागीर त्यातून येशू-मरियमच्या मूर्ती कोरायचे. त्या पुढे युरोपात जायच्या. बुडालेला माल बहुधा त्याच वाटेवरचा. अर्थात जहाज थेट लिस्बनहून आलं होतं की नुसत्या मोझांबिक-गोवा फेऱ्या करत होतं, हे दातांवरून ठरत नाही. जहाजाचं नावही नक्की झालेलं नाही.

भांड्यांमध्ये 'मार्तबान' जातीचे तुकडे मिळाले. मार्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर. तिथून येणारे मोठे, झिलईचे रांजण जहाजावर पाणी, तेल साठवायला वापरत. हिंदीत लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात, ते नाव याच बंदराचं. म्हणजे एका जहाजावर आफ्रिकेचे दात, चीनची भांडी आणि ब्रह्मदेशचे रांजण. ग्लोबलायझेशन हा शब्द आपण फार उशिरा शिकलो.

त्याच भागात सेंट जॉर्जेस रीफवर आणखी एका जहाजाचे अवशेष आहेत. त्याचा काळ ओळखायला चक्क कौलं उपयोगी पडली! सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांवर असतात ती मंगळुरी कौलं आठवा. समुद्रातल्या मालावर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल होतं. मंगळूरचा तो कारखाना त्याच साली सुरू झाला. म्हणजे जहाज त्याआधी बुडालेलं असूच शकत नाही.

इतक्या उथळ पाण्यात असलेली गोष्ट कुणाच्याही हाती लागू शकते, ही मात्र धास्तीची बाब आहे. हौशी डायव्हरने 'आठवण' म्हणून एक तुकडा उचलला, फोटो टाकला, लाइक्स मिळाले. पण तो तुकडा कुठे, कशाशेजारी पडला होता ही माहिती कायमची गेली. तोफ एका बाजूला आणि सुळे दुसऱ्या बाजूला असतील, तर त्यावरून जहाज कसं फुटलं आणि माल कसा विखुरला याचा अंदाज बांधता येतो. १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि कुणाही खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

शिवाय वस्तू वर काढली की ती वाचली, असंही नाही. शेकडो वर्षं समुद्रात राहिलेल्या लोखंडात मीठ पार आतवर मुरलेलं असतं. तोफ तशीच उन्हात ठेवली तर सुकताना तिला तडे जातात, पापुद्रे सुटतात आणि काही वर्षांत भुगा होतो. हस्तिदंतही एकदम वाळलं की तडकतं. म्हणून अशा वस्तू बाहेर काढल्यावर पुन्हा पाण्यातच ठेवतात आणि ते पाणी बदलत राहून मीठ हळूहळू उतरवतात. मोठ्या तोफेला यात वर्षानुवर्षं जाऊ शकतात.