मोटारींतील वाटाड्या

मागें एकदां मुलाच्या मोटारींतून अटल सेतूवरून आम्ही शिवडीहून न्हावाशेव्याकडे चाललों होतों. काचेजवळचें जीपीएस यंत्र मात्र आमची गाडी भर समुद्रांत दाखवीत होतें! नातवंडें हंसलीं, पण यंत्र खोटें बोलत नव्हतें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांच्या संकेतांवरून तें केवळ आपलें स्थान ठरवितें. रस्ते दिसतात ते त्याच्या पोटांतील नकाशामुळें. सेतूचें उद्‌घाटन १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें. आमचा नकाशा त्यापूर्वींचा होता.

या वाटाड्यास वीज व नवा नकाशा दोन्ही हवींत. मोटारीच्या १२ व्होल्ट विजेचे ५ व्होल्ट करून चार्जर त्याची बॅटरी भरतो. नकाशा मात्र बहुधा घरीं संगणकास जोडून बदलावा लागतो. तें काम पुष्कळ वेळ चालतें; मध्येंच तार निघाली किंवा वीज संपली, तर नकाशा अर्धवट राहण्याचा धोका असतो. म्हणून आधीं बॅटरी पुरती भरावी, मगच नकाशास हात घालावा. आणि तोही प्रवासाच्या आदल्या रात्रीं नव्हे, चार दिवस आधीं.

वाटाड्या नुसता जागा असून भागत नाहीं. त्याला आजची वाट ठाऊक असावी लागते.