किल्ल्यावरील चित्रांचा जुना रंग उतरवताना

दीपावली समीप आली की महाराष्ट्रातील अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि आता सदनिकांच्या गच्च्यांवरही दगड, विटा, गोणपाट व माती यांचे किल्ले उभे राहू लागतात. उतारावर अळीव आणि मोहरी पेरली जाते, बुरुजावर भगवा फडकतो, आणि माळ्यावरील पेटीतून किल्ल्यावरची चित्रे खाली उतरतात. सिंहासनाधिष्ठित छत्रपती शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, भालदार, चोपदार, गवळण, शेतकरी असा सारा परिवार मुलांच्या हाती येतो. ११ जुलै २०२५ रोजी रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी आदी बारा मराठा दुर्गांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तेव्हापासून या बालदुर्गांकडे वडीलधारी मंडळीही अधिक कौतुकाने पाहू लागली असतील, तर ते योग्यच आहे.

पूर्वी ही चित्रे मातीची किंवा प्लास्टरची असत. आता त्यांत प्लास्टिकच्या चित्रांची भर पडली आहे. प्लास्टिकचा मावळा सहसा फुटत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे घरात राहतो. दर दिवाळीस कोणी ना कोणी उत्साहाने त्याच्यावर नवा हात फिरवतो. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा, असे थर साचत जातात. मग डोळे बुजतात, मिशी गालात विरते आणि जिरेटोपाची घडण केवळ गोळ्यासारखी दिसू लागते. अशा वेळी घरात दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे चित्र टाकून देऊन नवे आणावे. दुसरा म्हणजे रंगाऱ्याकडचे थिनर आणून त्यात ते बुडवावे. पहिला उपाय उधळपट्टीचा आहे, तर दुसरा चित्राच्या व घराच्या मुळावर येणारा आहे. यांखेरीज एक तिसरा, संयमाचा मार्ग आहे. त्याचेच निरूपण येथे करावयाचे आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. लेप कशाचा करावा, कसा शिजवावा, कशावर लावावा, याचा विचार आपल्याकडे शास्त्र म्हणून झाला. लेप लावणे हे जसे शास्त्र, तसेच तो उतरवणे हेही शास्त्रच होय. त्याचे सूत्र एवढेच की, द्रव्य असे निवडावे जे रंगाला भिडेल, पण रंगाखालच्या देहाला धक्का लावणार नाही. म्हणून कीर्तनाप्रमाणे याही कामाचा आधी पूर्वरंग व मग उत्तररंग, असाच क्रम ठेवू.

पूर्वरंग : देहाची ओळख

प्रथम पेटीतील सर्व चित्रे निवडून वेगळी करावीत. तळाशी, न दिसणाऱ्या जागी, टाचणीने हलकेच ओरखडा काढावा. पांढरी भुकटी सुटली तर ते चित्र प्लास्टरचे समजावे. माती व प्लास्टर यांना भिजवणे म्हणजे त्यांचा नाश करणे होय. त्यांच्यासाठी पुढील कृती नाही. लाकडी, लाखकाम केलेली खेळणी, जशी सावंतवाडीची, त्यांनाही यातून वगळावे. कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि कारागिराची सारी मेहनत क्षणात पुसली जाते.

आता उरली प्लास्टिकची चित्रे. त्यांतही प्रकार आहेत. कठीण, टिचकी मारल्यावर टणक आवाज देणारे, वाकवू गेल्यास मोडणारे प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असते. हाताला किंचित मेणचट लागणारे, वाकणारे प्लास्टिक पॉलिथिलीन असण्याचा संभव असतो. पॉलिथिलीनचे भरीव चित्र पाण्यावर तरंगते, पॉलिस्टायरीनचे व पीव्हीसीचे बुडते. पोकळ चित्रास मात्र ही कसोटी लागू पडत नाही. पॉलिथिलीनवर रंग मुळातच नीट धरत नाही. त्याचे पापुद्रे पुष्कळदा साबणाच्या पाण्याने व ब्रशानेच निघून येतात.

आणखी एक विचार याच वेळी करावा. दिवंगत आजोबांनी किंवा आजींनी आपल्या हाताने रंगवलेले एखादे चित्र असेल, तर तो रंग हीच त्यांची आठवण होय. ते स्वच्छ पुसून तसेच ठेवावे. जे जुने ते सारे उतरवलेच पाहिजे असा काही दंडक नाही. तसेच, देवघरातील नित्यपूजेच्या मूर्तीवर हे प्रयोग करू नयेत. ती प्रतिष्ठित असते. तिच्याविषयी कुलोपाध्यायांना व जाणत्या मूर्तिकारालाच विचारावे. देखाव्यातील चित्रे खेळातील असतात. तरी घरातील कोणी त्यांना नमस्कार करून काम आरंभिले, तर तो भाव आदरणीयच आहे.

पथ्ये : काय करू नये

थिनर, पेट्रोल आणि नखांवरील रंग काढण्याचे द्रावण यांपासून प्लास्टिकची चित्रे दूर ठेवावीत. नखांच्या द्रावणात पुष्कळदा ॲसिटोन असते, आणि ॲसिटोन पॉलिस्टायरीनला विरघळवून टाकते. रंगाबरोबर नाक, बोटे, तलवारीची धारही जाते, आणि गेलेली घडण परत येत नाही. उकळते पाणीही नको. कठीण प्लास्टिक त्या उष्णतेस मऊ पडून वाकडे होते. कॉस्टिक सोड्याने काही रंग निघतात हे खरे, पण तो त्वचा व डोळे भाजून काढतो. मुलाबाळांच्या घरात त्याचे नाव काढू नये.

सुरीने खरवडणे आणि कोरड्या पॉलिशकागदाने घासणे हेही वर्ज्य समजावे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले व २०१७ मध्ये लागू झाले. त्यापूर्वीच्या थरांची खात्री कोण देणार? शिशाची धूळ श्वासावाटे व बोटांवाटे पोटात जाते. बालके व गर्भवती स्त्रिया यांना तिचा अपाय सर्वांत अधिक. शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. म्हणून जुना रंग उतरवायचा तो ओलाच, आणि ते काम मोठ्या माणसांनीच करावे.

उत्तररंग : प्रत्यक्ष कृती

आरंभ सर्वांत सौम्य उपायाने करावा. कोमट पाण्यात भांडी घासण्याचा थोडा साबण मिसळून त्यात चित्र काही वेळ ठेवावे आणि जुन्या मऊ दातांच्या ब्रशाने घासावे. काजळी, तेल व धूळ निघून जाते. साधा जलरंग असेल तर तोही सुटतो. तेवढ्याने काम झाले, तर तेथेच थांबावे.

न झाल्यास औषधांच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. शक्यतो ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे असावे. कमी तीव्रतेचेही चालते, मात्र वेळ अधिक लागतो. कापसाच्या बोळ्याने ते चित्राच्या तळाशी लावावे व पंधरा मिनिटे वाट पाहावी. प्लास्टिक चिकट झाले, पांढुरके पडले वा निस्तेज दिसू लागले, तर हा उपाय त्या चित्रासाठी नव्हे. काचेसारखे पारदर्शक भाग यात मुळीच घालू नयेत. त्यांना बारीक तडे जाण्याचा संभव असतो. परीक्षेत चित्र उत्तीर्ण झाले, तर झाकणाच्या काचेच्या बरणीत ते बुडेल इतके द्रव्य घ्यावे. अर्ध्या तासाने बाहेर काढून घासावे, आणि रंग न सुटल्यास पुन्हा बुडवावे. ॲक्रिलिक रंग फुगून सालीसारखा निघू लागतो. खाचांतील रंगासाठी लाकडी दातकोरणे वापरावे, लोखंडी सुई नको. चिकटवलेले हात, भाले कधी सुटतात. ते हरवू नयेत म्हणून खाली जुनी गाळणी धरावी.

पुष्कळ घरांत असणारे डेटॉलचे द्रव्यही, पाणी न मिसळता, ॲक्रिलिक रंग सोडवते. चित्र त्यात काही तास ठेवावे लागते. येथे एक खूणगाठ बांधून ठेवावी. डेटॉलमधून काढलेले चित्र लगेच पाण्याखाली धरले, तर सुटलेला रंग चिकट लगदा होऊन पुन्हा चित्रालाच बसतो. म्हणून ते आधी डेटॉलमध्येच घासावे, ताज्या डेटॉलने धुवावे, आणि रंग पूर्ण गेल्यावरच साबणाच्या पाण्यात घालावे. घरात मांजर असेल तर हे काम तिच्यापासून दूर करावे. हे द्रव्य मांजरांना विषारी असते.

जुना तैलरंग या दोन्ही उपायांनी कधी सुटतो, कधी सुटत नाही. दोन-तीन वेळा प्रयत्न करूनही तो हटत नसेल, तर आग्रह सोडावा. पातळ उरलेल्या थरावर नवा रंग बसू शकतो. वितळलेल्या मावळ्यावर मात्र काहीच बसत नाही.

ज्योतीचे भान

दीपावलीच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा इशारा हाच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ आपल्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेते. देवघरातील निरांजन, पेटती उदबत्ती, गॅसची शेगडी, अंगणातील पणती, मुलांची फुलबाजी, यांपैकी काहीही जवळपास असताना बरणीचे झाकण उघडू नये. म्हणून हे काम कोजागरी ते वसुबारस या साधारण बारा दिवसांत, दिवसाउजेडी, खिडक्या उघड्या ठेवून उरकावे. पणत्या लागण्यापूर्वी बरणी बंद होऊन वर ठेवलेली असावी. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा असावा. स्वयंपाकाची वा पूजेची भांडी वापरू नयेत. एका द्रव्यात दुसरे, विशेषतः ब्लीचिंगचे द्रावण, कदापि मिसळू नये. त्यातून विषारी द्रव्ये निर्माण होतात.

काम झाल्यावर अल्कोहोल निवळू द्यावे. वरचे स्वच्छ द्रव्य फडक्यातून गाळून पुन्हा वापरता येते. खाली उरलेला गाळ मोरीत, तुळशीवृंदावनात, विहिरीत किंवा नदीत ओतू नये. तो मोकळ्या हवेत, ज्योतीपासून व मुलांपासून दूर वाळू द्यावा, कागदात बांधावा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. ज्या नदीला आपण माता म्हणतो, तिच्या ओटीत शिसे घालून कोणता सण साजरा होणार?

धुतलेली चित्रे सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्यावीत. यानंतरचे काम मुलांचे! त्यांना पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग द्यावेत, पातळ हात द्यायला शिकवावे, आणि डोळे सर्वांत शेवटी काढायला सांगावे. बुजलेल्या थरांखालून मूळ मुद्रा प्रकट झालेली पाहून त्यांना जो हर्ष होतो, तो बाजारातून आणलेल्या नव्या चित्राने होत नाही. आणि जुनी वस्तू टाकून न देता तिची निगा कशी राखावी, हा संस्कारही त्या निमित्ताने न बोलता घडतो.

आपणा सर्वांच्या अंगणांतील दुर्ग निर्विघ्न उभे राहोत, आणि ही दीपावली आबालवृद्धांना आरोग्याची व आनंदाची जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.