हाडाला कळतं कसं?

मुरलेल्या टेनिसपटूच्या दोन्ही हातांचे एक्स-रे शेजारीशेजारी लावले, तर रॅकेट कोणत्या हातात असते ते हाडावरून ओळखता येतं. खेळत्या हाताच्या दंडाचं हाड चांगलंच जाड झालेलं असतं. अंतराळवीरांचं नेमकं उलटं. तिथे पायांवर वजनच पडत नाही, त्यामुळे त्यांच्या खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यानं घटतं. थोडक्यात, आपल्यावर भार किती पडतो याचा हिशेब हाड ठेवतं. पण कसा?

उत्तर कॅल्शियमच्याच एका वेगळ्या कामात आहे. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडादातांत असतं. प्रौढ माणसात ते किलोभर भरतं. पण हाड घडवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, स्वतःच्या पोटात ते जवळजवळ ठेवतच नाहीत. आत शिरलेलं कॅल्शियम पंप सतत बाहेर फेकतात, नाहीतर पेशीतल्या कप्प्यांत कोंडतात. पेशीरसात ते बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. गंमत या कंजुषीतच आहे: एरवी खडखडाट, म्हणून जरासं आत आलं तरी पेशी खडबडून जागी होते.

आपण धावतो तेव्हा हाड किंचित दबतं, फार तर हजारात दोन-तीन भाग. तेवढ्यानं हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशींभोवतीचा द्रव हलतो, पेशीचं आवरण ताणलं जातं आणि त्यातलं ‘पीझो १’ हे प्रथिनाचं दार उघडतं. हे दार २०१० साली आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. २०२१च्या वैद्यकाच्या नोबेलचे ते एक मानकरी. हाडाच्या पेशींतून हेच दार काढून टाकलं, तेव्हा उंदरांची हाडं अशक्त झाली.

दारातून कॅल्शियम आत घुसतं, कप्पेही आपला साठा सोडतात. कॅल्शियम भेटलं की चमकणारा रंग पेशींत भरून सूक्ष्मदर्शकाखाली एकीला बारीक सुईनं डिवचलं, तर ती उजळते; मग तिची शेजारीण, मग पलीकडची. काही सेकंदांत ही लाट ओसरते, पण तोवर जनुकांपर्यंत निरोप गेलेला असतो. ऑस्टिओब्लास्ट कोलॅजेनची जाळी विणू लागतात आणि तिच्यावर खनिज बसत जातं.

तेव्हा दूध प्या, नाचणी खा; पण तेवढ्यावर थांबू नका. माल ताटातून येतो, बांधकामाचा हुकूम पायांकडून. रोज चाला, जिने चढा.