गोठ्यात नवीन सॉकेट जोडताना: वायर, एमसीबी आणि अर्थिंगचे नियम

कडबा कुट्टी, दूध काढणी यंत्र, पाणी तापवण्याचा हीटर अशी एकेक यंत्रे गोठ्यात येत जातात. वायरिंग मात्र दोन बल्बपुरते केलेलेच राहते. मग बल्बच्या बोर्डातून वायर ओढून नवीन सॉकेट बसवले जाते. सॉकेट वाढवल्याने लाइनची क्षमता वाढत नाही, फक्त तिच्यावरचा भार वाढतो. त्यात गोठ्याची जमीन कायम ओली असते आणि जनावराचे चारही पाय तिच्यावर असतात. माणसाला जेमतेम झिणझिण्या येतील एवढा विद्युतदाबही जनावराच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून सॉकेट जोडण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

आधी भार मोजा

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. यंत्राचे वॅट भागिले २३० केले की साधारण अ‍ॅम्पिअर मिळतात. १५०० वॅटचा हीटर सुमारे ६.५ अ‍ॅम्पिअर घेतो. मोटारीला मात्र या हिशेबापेक्षा जास्त करंट लागतो. २ एचपीची सिंगल फेज कडबा कुट्टी चालताना साधारण ११ अ‍ॅम्पिअर घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर असतो. कुट्टी आणि हीटर एकाच लाइनवर चालवले तर भार १७.५ अ‍ॅम्पिअर होतो, म्हणजे १६ अ‍ॅम्पिअरच्या लाइनबाहेर.

वायर आणि एमसीबीची जोडी

- दिवे, पंखे आणि ६ अ‍ॅम्पिअरचे सॉकेट: १.५ चौ. मिमी तांब्याची वायर, १० अ‍ॅम्पिअर एमसीबी.
- १६ अ‍ॅम्पिअरचे सॉकेट: किमान २.५ चौ. मिमी तांब्याची वायर, १६ अ‍ॅम्पिअर एमसीबी.
- कुट्टीसारख्या मोटारीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन द्यावी.
- मोटारीच्या लाइनला ‘सी’ प्रकारचा एमसीबी घ्यावा. ‘बी’ प्रकारचा एमसीबी मोटार सुरू होतानाच पडू शकतो.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून तेथे ३२ अ‍ॅम्पिअरचा बसवणे ही सर्वांत घातक चूक आहे. एमसीबी वायरचे रक्षण करतो. तो मोठा केला की वायर तापून वितळेपर्यंत वीज तुटत नाही, आणि शेजारी कडब्याची गंज असते.

इंग्लंडमधील घरांत २.५ चौ. मिमी वायरवर ३२ अ‍ॅम्पिअरचा ब्रेकर असतो, असे काही व्हिडिओंत दिसते. तेथे वायर बोर्डातून निघून सर्व सॉकेट फिरून पुन्हा त्याच बोर्डात येते. त्यामुळे प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी वीज मिळते. शिवाय तेथील प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज असतो. आपल्या प्लगमध्ये फ्यूज नसतो आणि लाइन बहुधा एकाच बाजूने येते. त्यामुळे तो नियम येथे लावू नये.

गोठा लांब असेल तर

घरापासून गोठा ६० मीटरवर असेल, तर फेज आणि न्यूट्रल मिळून १२० मीटर वायर होते. २.५ चौ. मिमी वायरमध्ये ११ अ‍ॅम्पिअरला सुमारे १० व्होल्ट वाटेतच जातात. मोटार सुरू होताना करंट ५५ अ‍ॅम्पिअर झाला, तर जवळपास ४९ व्होल्ट. मग मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि जळते. ६ चौ. मिमी वायर वापरल्यास हीच घट अनुक्रमे सुमारे ४ आणि २० व्होल्टवर येते. वायरचा खर्च मोटारीच्या रिवाइंडिंगपुढे किरकोळ असतो.

अर्थिंग असले तरी आरसीसीबी हवा

समजा, गोठ्याच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. फेज मोटारीच्या सांगाड्याला लागली तर जमिनीत जास्तीत जास्त २३ अ‍ॅम्पिअर जातील. १६ अ‍ॅम्पिअरचा ‘सी’ एमसीबी तत्काळ पडायला किमान ८० अ‍ॅम्पिअर लागतात. तेवढ्या वेळात सांगाड्याला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून सॉकेटच्या लाइनवर ३० मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवावा. तो जमिनीत गळणारा करंट ओळखून क्षणात वीज तोडतो. मात्र जादा भारापासून तो वाचवत नाही. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज गेली नाही तर तो लगेच बदलावा.

जोडणी करताना

- तीन पिनांचे सॉकेट वापरावे. अर्थचे भोक वर ठेवून समोरून पाहिल्यास उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल येते. स्विच फेजवरच असावा.
- हिरवी अर्थ वायर मुख्य बोर्डापासून प्रत्येक सॉकेटपर्यंत सलग न्यावी. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये एकत्र जोडू नयेत.
- दुसऱ्या लाइनचा न्यूट्रल उसना घेऊ नये. आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.
- गव्हाणीची लोखंडी चौकट, खांब आणि पाण्याचे पाइप अर्थला जोडावेत.
- सॉकेट जनावरांच्या तोंडापासून आणि धुण्याच्या पाण्यापासून दूर, झाकण असलेल्या जलरोधक पेटीत बसवावे. उंदरांपासून संरक्षणासाठी वायर पाइपातून न्यावी.

कृषिपंपाच्या पेटीतून गोठ्याला लाइन घेऊ नये. मंजूर कारणाखेरीज वीज वापरणे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो.

बल्ब, फ्यूज किंवा स्विच बदलणे वेगळे. पण वायरिंगमध्ये नवीन लाइन वाढवण्याचे काम नियमानुसार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. काम संपल्यावर अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि आरसीसीबी आपल्यासमोर पाडून दाखवायला सांगावे. त्यानंतरच जनावरे गोठ्यात बांधावीत.