मोफत दवाखाना आणि बुडालेली मजुरी

आता बघा, सरकारी दवाखान्यात उपचार मोफत मिळतात. मग गरीब माणूस वेळेवर का येत नाही? कारण दवाखाना मोफत असला, तरी जाण्यायेण्याला पैसे पडतात आणि बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. म्हणून बाळ आजारी पडलं की आई एक दिवस वाट बघते. नवजात बाळाच्या बाबतीत तोच एक दिवस जिवावर बेततो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी प्रश्नच उलटा केला. आई दवाखान्यात पोहोचत नसेल, तर उपचार घरी का जाऊ नयेत? ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. तीन वर्षांत, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, इथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळांसाठी आशाताईंच्या घरभेटी सुरू केल्या.

तेव्हा उपचाराला पैसे किती पडतात, एवढंच विचारून भागत नाही. तो मिळवायला त्या घराला किती दिवसांची मजुरी सोडावी लागते, तेही विचारावं लागतं.