उपकर केंद्राचा, भार राज्यांवर

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेच्या हिवाळी अधिवेशनात करविषयक दोन विधेयके एकापाठोपाठ मंजूर झाली. पहिल्याने तंबाखूजन्य पदार्थांवरील केंद्रीय उत्पादन शुल्क वाढवले. दुसऱ्याने पान मसाल्यावर ‘आरोग्य सुरक्षेतून राष्ट्रीय सुरक्षा’ असे भारदस्त नाव असलेला उपकर बसवला. चर्चा मुख्यतः सिगारेट किती महागणार, याचीच झाली. दोन्ही पदार्थ आरोग्यास घातक आहेत आणि दोहोंवरील कर चढा असावा, याविषयी माझे दुमत नाही. मात्र एकावर शुल्क आणि दुसऱ्यावर उपकर, या फरकाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही, असे मला वाटते.

हा फरक केवळ नावाचा नाही. उत्पादन शुल्काचा पैसा केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटला जातो. उपकराचा पैसा पूर्णतः केंद्राकडे राहतो. पान मसाल्याच्या उपकरातील काही भाग आरोग्यविषयक योजनांमार्फत राज्यांना देण्याचे आश्वासन अर्थमंत्र्यांनी सभागृहात दिले. परंतु आश्वासन आणि घटनात्मक हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. हक्काचा वाटा मागावा लागत नाही, आश्वासनाची आठवण मात्र दरवर्षी करून द्यावी लागते.

वाटणीचा करार

सन २००० मधील ८० व्या घटनादुरुस्तीपूर्वी राज्यांना केंद्राच्या प्रामुख्याने दोनच करांत वाटा मिळत असे: प्राप्तिकर आणि केंद्रीय उत्पादन शुल्क. दहाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार अनुच्छेद २७० बदलण्यात आला आणि केंद्राचे जवळपास सर्व कर एकत्र करून त्यांची वाटणी होऊ लागली. विचार उदात्त होता: देशाची भरभराट झाली, तर तिचा लाभ केंद्राला आणि राज्यांना एकाच प्रमाणात व्हावा. मात्र त्याच अनुच्छेदाने उपकर आणि अधिभार यांना वाटणीबाहेर ठेवले. हा अपवाद विशिष्ट आणि तात्पुरत्या गरजांसाठी असावा, असेच कोणीही समजेल. प्रत्यक्षात त्या फटीचा दरवाजा झाला.

चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के केला. जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेश झाल्याने पंधराव्याने तो ४१ टक्के ठरवला आणि सोळाव्याने तो कायम ठेवला. अनेक राज्यांनी ५० टक्क्यांची मागणी केली होती. माझ्या मते टक्केवारीवरचा हा वाद अर्धाच आहे. ४१ टक्के, पण कशाचे? २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण करउत्पन्नात उपकर आणि अधिभार यांचा हिस्सा सुमारे एकदशांश होता. पुढील दशकभरात तो जवळपास एकपंचमांश झाला. त्यानंतर तो काहीसा खाली आला खरा; पण ज्या ताटातून वाढायचे ते ताटच लहान करण्याची मुभा यजमानाच्या हाती आहे, हे त्या दशकाने दाखवून दिले.

पेट्रोलचा हिशेब

पान मसाल्याबाबत सरकारपाशी एक तांत्रिक उत्तर आहे आणि ते चुकीचे नाही. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीनंतर केंद्राला उत्पादन शुल्क केवळ काही पेट्रोलियम पदार्थांवर आणि तंबाखूवर आकारता येते. पान मसाला त्यात मोडत नाही. परंतु पेट्रोल आणि डिझेलवर उत्पादन शुल्क आकारण्याचा मार्ग तर पूर्ण मोकळा होता. तेथे काय घडले?

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापूर्वी पेट्रोलवर लिटरमागे एकूण ३२.९८ रुपये केंद्रीय कर होता. त्यापैकी मूळ उत्पादन शुल्क, म्हणजे राज्यांना वाटा मिळणारा भाग, २.९८ रुपये होता. अर्थसंकल्पात लिटरमागे अडीच रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावण्यात आला आणि ग्राहकावर भार पडू नये म्हणून इतर शुल्के घटवण्यात आली. एकूण कर ३२.९० रुपये झाला. ग्राहकाला फरक जाणवला नाही. मूळ उत्पादन शुल्क मात्र २.९८ वरून १.४० रुपयांवर आले. राज्यांच्या वाट्याचा पाया एका रात्रीत निम्म्याहून कमी झाला आणि पंपावर उभ्या असलेल्या कोणालाही ते कळले नाही.

पुढे कर कमी करण्यात आला. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवरील केंद्रीय कर लिटरमागे १९.९० रुपये झाला. त्यातही वाटणीयोग्य भाग १.४० रुपयेच होता. त्याचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ५७ पैसे. एकोणीस रुपये नव्वद पैशांतले हे सत्तावन्न पैसे देशातील सर्व राज्यांनी मिळून वाटून घ्यायचे!

पैसा गेला कोठे?

उपकराचे समर्थन एकाच आधारावर होऊ शकते: ज्या कारणासाठी घेतला, त्याच कारणासाठी तो खर्च व्हावा. ‘कॅग’ने २०१८-१९ च्या हिशेबांची तपासणी केली, तेव्हा ३५ उपकर आणि तत्सम आकारण्यांतून २ लाख ७४ हजार ५९२ कोटी रुपये जमा झाल्याचे, तर संबंधित राखीव निधींकडे आणि मंडळांकडे १ लाख ६४ हजार ३२२ कोटीच वळते झाल्याचे आढळले. खनिज तेलावरील उपकरातून दहा वर्षांत जमा झालेले सुमारे सव्वा लाख कोटी रुपये तेल उद्योग विकास मंडळाकडे गेलेच नाहीत. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी २००७ पासून एक टक्का उपकर घेतला जात होता. त्यासाठीच्या स्वतंत्र कोषाला मंजुरी मिळायला २०१७ साल उजाडले. हा पैसा गैरमार्गाने गेला, असे मी म्हणत नाही. तो संचित निधीत राहिला आणि सर्वसाधारण खर्चात मिसळून गेला. पण मग त्याला शिक्षणाचे, शेतीचे किंवा तेलाचे नाव कशासाठी द्यायचे?

केंद्राची बाजू

संरक्षणाचा आणि कर्जावरील व्याजाचा बोजा केंद्रावर आहे, केंद्र आपल्या योजनांमधून राज्यांतच खर्च करते, असा युक्तिवाद होतो. त्यात तथ्य आहे. तथापि, पंधराव्या वित्त आयोगाने दिलेल्या आकड्यांनुसार २०१८-१९ मध्ये देशातील एकूण सरकारी महसुलापैकी ६२.७ टक्के केंद्राने उभारला, तर एकूण खर्चापैकी ६२.४ टक्के राज्यांनी केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक आणि ठाण्यातील हवालदार यांचे पगार प्रामुख्याने राज्ये भागवतात. योजनेतून येणारा पैसा अटींसह आणि राज्याच्या हिश्शाची सक्ती घेऊन येतो. वाट्याचा पैसा राज्याला आपल्या गरजेप्रमाणे वापरता येतो. बिहारची गरज तामिळनाडूची नसते, हे मान्य करणे म्हणजेच संघराज्य.

राज्येही निर्दोष नाहीत. दिल्लीकडे हक्काचा वाटा मागणारे मुख्यमंत्री आपल्या महापालिकांना आणि ग्रामपंचायतींना तोच न्याय देतात असे दिसत नाही. मात्र राज्यांनीच चांगली उदाहरणेही घालून दिली आहेत. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी, आणि जमा झालेल्या रकमेइतकीच भर स्वतःच्या तिजोरीतून घालण्याचे बंधन कायद्याने स्वीकारले. केरळने महापुरानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये एक टक्का पूर उपकर दोन वर्षांसाठी लावला आणि ठरल्याप्रमाणे जुलै २०२१ अखेर तो थांबवला.

चार सूचना

पुंछी आयोगाने २०१० मध्येच उपकर आणि अधिभार यांचा फेरविचार करून त्यांचे प्रमाण कमी करावे, असे सुचवले होते. त्या दिशेने चार गोष्टी करता येतील. एक, प्रत्येक उपकराच्या कायद्यातच त्याच्या समाप्तीची तारीख असावी. दोन, मुदतीनंतरही तो हवा असेल तर त्याचे मूळ करात रूपांतर करावे, म्हणजे राज्यांना वाटा मिळेल. तीन, प्रत्येक उपकराची जमा आणि खर्च यांचे विवरण अर्थसंकल्पासोबत संसदेपुढे ठेवावे. चार, घटनादुरुस्ती करून उपकर आणि अधिभार यांच्या एकूण प्रमाणावर मर्यादा घालावी. तिच्यापलीकडची रक्कम आपोआप वाटणीत यावी.

चौथी सूचना राजकीयदृष्ट्या अवघड आहे, याची मला जाणीव आहे. पहिल्या तिन्हींसाठी मात्र घटनेला हात लावण्याची गरज नाही, इच्छा पुरेशी आहे. सरकारने सुरुवात पान मसाल्यापासूनच करावी: या उपकरातून किती रक्कम आली आणि त्यातून कोणत्या राज्यात आरोग्यावर किती खर्च झाला, हे पुढील अर्थसंकल्पात एका पानावर छापावे.